हात गावाचे, निर्णय कुणाचा?

अमेरिकेत स्वयंसेवकाच्या एका तासाची किंमत दरवर्षी जाहीर होते. 2023 या वर्षासाठी ती 33 डॉलर 49 सेंट धरण्यात आली होती. उद्याने, संग्रहालये, ग्रंथालये आपल्या हजेरीपत्रकातले तास या दराने गुणतात आणि अमुक लाख डॉलरची सेवा मिळाली अशी नोंद वार्षिक अहवालात करतात. अनुदान मागताना हा आकडा उपयोगी पडतो, वरिष्ठांना तो कळतो आणि त्यात कुणाची लबाडीही नसते. तरीही हवाई बेटांवरच्या सांस्कृतिक वारसा-उद्यानांना हा गुणाकार लावला की उत्तर चुकते. तिथे कामाला आलेला गावकरी उद्यानाला मदत करायला आलेला नसतो. त्याच्या दृष्टीने तो घरचे काम करायला आलेला असतो आणि उद्यान हेच मधल्या काळात तिथे येऊन बसलेले असते. स्वयंसेवकांचे संयोजन हा विषय वरवर पाहता हजेरी, हातमोजे आणि पिण्याच्या पाण्याचा वाटतो. माझ्या मते तो अधिकाराचा विषय आहे. ज्यांच्याकडून काम घ्यायचे त्यांना कोणते काम, कधी आणि कशासाठी हे ठरवण्यात वाटा द्यायचा की नाही, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर टाळून केलेले कोणतेही संयोजन वेठीच्या जवळ जाते.

हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कैलुआ-कोना गावाच्या उत्तरेला साधारण तीन मैलांवर, कालोको-होनोकोहाउ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. सुमारे 1160 एकरांचा हा पट्टा हुआलालाई ज्वालामुखीच्या पायथ्याशी, थोडा काळ्या लाव्हाच्या पठारावर आणि थोडा समुद्रात असा पसरलेला आहे. पाऊस बेताचा, बारमाही ओढा एकही नाही. अशा जागी माणसे पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती बऱ्याच अंशी मत्स्यतळ्यांच्या जोरावर. कालोको येथे किनाऱ्याच्या एका नैसर्गिक खोबणीच्या तोंडावर सुमारे 750 फूट लांबीची दगडी भिंत घालून समुद्राचाच एक तुकडा तळे म्हणून वेगळा काढलेला आहे. या भिंतीला कुआपा म्हणतात आणि तिच्यातल्या दारांना माकाहा. ज्यांनी गोव्याच्या खाजणातला मानस किंवा रायगडातल्या खारबांधावरची उघाडी पाहिली आहे त्यांना माकाहा समजावून सांगावा लागणार नाही, फक्त हेतू वेगळा आहे: भरती-ओहोटीचे पाणी त्यातून ये-जा करते, माशाचे पिल्लू फटीतून आत येते आणि आत खाऊन मोठे झालेला मासा त्याच फटीतून बाहेर पडू शकत नाही.

भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही. तळाशी बसवलेल्या मोठ्या दगडांना निहो म्हणतात, म्हणजे दात. हिरडीत दात रुततो तसा तो दगड रुतला पाहिजे, मग त्याच्यावर भार येऊ शकतो. वरचा प्रत्येक दगड शेजारच्या दगडांवर टेकवून बसवायचा आणि मधल्या पोकळ्या लहान दगडांनी भरायच्या. भिंत मुद्दाम सच्छिद्र ठेवलेली असते, म्हणून लाट तिच्यावर आदळली की थोडे पाणी आतून झिरपते आणि लाटेचा जोर मोडतो. सिमेंटने घट्ट केलेली भिंत हा मार अंगावर घेते आणि कधीतरी सबंध कोसळते. कोरड्या बांधणीची भिंत मात्र दर मोठ्या उधाणात थोडीथोडी ढासळते आणि पुन्हा रचावी लागते. हे वैगुण्य नाही, तिची रचनाच तशी आहे. ती भिंत एकदा बांधून संपत नाही. तिला कायम माणसे लागतात. ज्या वास्तूची अटच अशी आहे की तिच्याजवळ राहणारी, तिला ओळखणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या हाताशी असावीत, त्या वास्तूचे जतन करायचे म्हणजे आधी त्या माणसांचे तिथे असणे जपायचे. 1978 च्या ज्या कायद्याने हे उद्यान निर्माण झाले त्याने ही गोष्ट ओळखली होती. मूळ हवाईयन लोकांच्या पारंपरिक व्यवहारांचे आणि संस्कृतीचे नुसते जतन करून न थांबता ते व्यवहार पुढे चालू राहावेत, हा उद्देश त्यात लिहिलेला आहे. ‘चालू राहावेत’ या दोन शब्दांनी उद्यान-प्रशासनावर टाकलेला भार किती मोठा आहे, हे पुढच्या काळात प्रशासनालाच नेहमी उमगले असेल असे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी मी पाहुणा म्हणून दुसऱ्या एका बेटावरच्या तळ्यावर शनिवारच्या कामाला गेलो होतो. तळ्याचे नाव इथे नको. सकाळी आम्ही वीसेक जण रस्त्याच्या कडेला थांबलो. बरोबरच्या स्थानिक लोकांनी आत जाण्याची परवानगी मागणारी ओली, म्हणजे मंत्रासारखी म्हणायची रचना, म्हटली. आतून एका बाईंनी उत्तरादाखल दुसरी म्हटली, तेव्हा कुठे आम्ही पुढे सरकलो. मला भिंतीसाठी भरीचे लहान दगड बादलीत गोळा करून आणायचे काम होते. तळ्याच्या काठाशी झुडपांत दगडांची एक बैठी रास होती, तिच्यावरून मी चार चांगले दगड उचलले. सगळ्यांनी ‘अंकल’ म्हणून हाक मारावी अशा वयाचे एक गृहस्थ माझ्या बादलीपाशी आले, त्यांनी ते चारही दगड काढले आणि जिथून उचलले होते तिथे, जवळजवळ त्याच कोनात, परत ठेवले. काही बोलले नाहीत. जेवणाच्या वेळी दुसऱ्या कुणीतरी सांगितले की ती रास म्हणजे एका जुन्या घराचे जोते आहे. दुपारी घरी जाताना माझ्या नावापुढे तीन तास लागले होते. त्या तीन तासांत मी जोत्याचे चार दगड हलवले होते आणि एका जाणत्या माणसाचा वेळ ते परत ठेवण्यात घालवला होता. दराने गुणले तर मात्र मी शंभर डॉलरची सेवा केली होती.

हा अनुभव किरकोळ आहे, पण त्यात संयोजनाचा सगळा पेच येतो. हवाईच्या किनाऱ्यावर दगड कधीच नुसता दगड नसतो. तो जोते असू शकतो, सीमेची खूण असू शकतो आणि त्याच्या खाली पूर्वजांच्या अस्थी असू शकतात. ज्याला हे ठाऊक नाही अशा स्वयंसेवकाचा उत्साह तिथे धोकादायक ठरतो, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला केवळ ‘स्वयंसेवक’ म्हणणे अपुरे ठरते. सद्भावना सगळीकडे सारखीच वागत नाही याचे आणखी एक उदाहरण मुंबईकर वाचकाला चटकन पटेल. ओआहू बेटावरच्या हेएइया येथे 88 एकरांचे मोठे मत्स्यतळे आहे आणि तिथल्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केलेले सर्वांत कष्टाचे काम म्हणजे खारफुटी तोडणे. खारफुटी हवाईची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बाहेरून आणून लावली गेली, हेएइयाला 1922 मध्ये, आणि तिच्या मुळांनी तळ्याची भिंत आतून उसवली. आमच्याकडे जी तोडणे गुन्हा आहे ती तिथे तोडणे ही सेवा आहे. काय वाचवायचे आणि काय उपटायचे हे जागा ठरवते, आणि जागेच्या वतीने ते सांगू शकणारी माणसे त्या जागेचीच असावी लागतात.

जुन्या हवाईत ही व्यवस्था होती. डोंगरमाथ्यापासून समुद्राच्या प्रवाळापर्यंत जाणारा जमिनीचा पट्टा म्हणजे अहुपुआआ, आणि त्याचा कारभार पाहणारा कोनोहिकी. पाट काढायचा, भिंत रचायची, तळे साफ करायचे तर कोनोहिकी हाक देई आणि लोक येत. आजच्या भाषेत तो स्वयंसेवक-संयोजकच म्हटला पाहिजे. पण या हाकेला दोन बाजू होत्या. एकीकडे पोआलिमा नावाची शेते होती, ज्यांवर लोक सरदारासाठी राबत. पोआलिमा म्हणजे शुक्रवार, त्यावरूनच त्या शेतांचे नाव पडले, आणि तो सरळ श्रमाचा कर होता. दुसरीकडे तारोच्या, म्हणजे अळूच्या जातीच्या कंदाच्या, वाफ्यांना मिळणारे पाटाचे पाणी पाट बांधण्यात आणि राखण्यात ज्याने जितके श्रम घातले त्या प्रमाणात वाटले जाई. म्हणजे श्रमातून हक्क निर्माण होई. शिवाय लोक जमिनीला बांधलेले नव्हते. कोनोहिकी जुलमी निघाला तर ते उठून दुसऱ्या अहुपुआआत जाऊ शकत, आणि माणसे सोडून गेलेला कारभारी सरदाराच्या नजरेतूनही उतरे. आजचे उद्यान या दोहोंपैकी कोणता वारसा चालवणार, हे त्याच्या स्वयंसेवक-धोरणावरून कळते. नुसते राबवून घेतले तर पोआलिमा, आणि श्रमाबरोबर पाण्याचा वाटा दिला तर दुसरा.

या संदर्भात कुलेआना हा शब्द वारंवार ऐकू येतो आणि हल्ली तो हॉटेलांच्या जाहिरातींतही वापरला जातो. त्याचे भाषांतर सरसकट ‘जबाबदारी’ असे करतात, जे अर्धेच खरे आहे. कुलेआना म्हणजे जबाबदारी आणि हक्क, दोन्ही एकाच वेळी. 1848 च्या जमीनवाटपानंतर 1850 च्या कायद्याने सामान्य रयतेला स्वतः कसत असलेल्या तुकड्यांवर दावा सांगता आला, त्या तुकड्यांनाही कुलेआनाच म्हणत. त्यातून रयतेच्या पदरात सुमारे 28,600 एकर पडले, म्हणजे राज्यातल्या एकूण जमिनीच्या एक टक्क्याहूनही कमी. हा इतिहास ज्या घरांत अजून सांगितला जातो त्या घरांतल्या माणसाला ‘या, तुमची कुलेआना पार पाडा’ असे फलकावर लिहून बोलावणे आणि तळ्याच्या भवितव्याची बैठक मात्र त्याच्याशिवाय उरकणे, यातली विसंगती अधिकाऱ्यांना दिसत नसेल, पण त्याला ती दिसल्याशिवाय राहत नाही.

आता प्रशासनाची बाजू. राष्ट्रीय उद्यानांना स्वयंसेवक घेण्याचा अधिकार 1970 मध्ये अमलात आलेल्या एका कायद्याने मिळाला. त्यानुसार स्वयंसेवकाशी लेखी करार होतो, त्याचा ठरलेला छापील नमुना आहे, आणि काम करताना इजा झाली किंवा त्याच्या हातून कुणाचे नुकसान झाले तर त्यापुरते त्याला सरकारी कर्मचाऱ्याप्रमाणे संरक्षण मिळते. कागदपत्रांना नाके मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: ज्या माणसाच्या पायावर बसाल्टचा दगड पडतो त्याला तो कागदच दवाखान्यात उपयोगी येतो. माझी तक्रार कागद असण्याबद्दल नाही. त्या कागदात कामाचे वर्णन, तास आणि साधने यांना जागा असते, माणसाचे किंवा गटाचे नाव असते. ‘आमचे घराणे दोनशे वर्षे या तळ्यावर आहे’ हे सांगायला रकाना नसतो. परिणामी ज्या घराण्याने हे तळे राखले त्याचा वंशज आणि जहाजातून उतरून दुपारपुरता आलेला पर्यटक या दोघांचा दर्जा कागदावर एक होतो. समानतेच्या नावाखाली हे होते, पण भिंतीला त्या दोघांतला फरक पहिल्याच दगडाला कळतो.

वेळापत्रकाचेही तेच. कार्यालयाला पुढच्या सहा महिन्यांचे शनिवार आधी हवे असतात, नऊ ते बारा. भिंतीच्या तळाशी काम करायचे तर ओहोटी हवी, आणि ओहोटी चंद्राप्रमाणे सरकते. हवाईयन पंचांगात महिन्याच्या प्रत्येक रात्रीला स्वतंत्र नाव आहे आणि मासेमारी, लागवड, भिंतीचे काम यांचे योग-अयोग त्या नावांशी जोडलेले आहेत. तिथीवर घर चालवणाऱ्या मराठी माणसाला हे समजायला दोन मिनिटे पुरतात. म्हणून संयोजकाने महिन्याचे दिवस ठरवताना आधी भरतीचे कोष्टक आणि तळ्याची राखण करणारा जाणता, ज्याला तिथे किआइ लोको म्हणतात, यांना विचारावे आणि मग कार्यालयाच्या सोयीकडे पाहावे, एवढा साधा बदलसुद्धा निर्णयाची दिशा उलटी करतो.

निर्णयाच्या वाट्याचा प्रश्न किती खोल जातो हे कालोकोच्या पाण्यावरून दिसते. या तळ्याचे पाणी केवळ समुद्राचे नाही. डोंगरात मुरलेले गोडे पाणी जमिनीखालून वाहत येऊन किनाऱ्यालगत तळ्यात मिसळते आणि त्या मिश्रणावर तिथली जीवसृष्टी जगते. वरच्या उतारावर वस्ती आणि विहिरी वाढल्या तर खाली येणारा हा प्रवाह आटू शकतो, या भीतीने राष्ट्रीय उद्यान सेवेने 2013 मध्ये राज्याच्या जल-आयोगाकडे अर्ज केला की केआउहोउ भूजलक्षेत्र नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करावे. आयोगाने 2017 मध्ये तो फेटाळला. निर्णय बरोबर की चूक यावर मतभेद होते आणि आहेत; वरच्या भागात घरे हवी असणाऱ्यांत मूळ हवाईयन कुटुंबेही होती, त्यामुळे हा सरळ चांगल्या-वाईटाचा सामना नव्हता. पण स्वयंसेवकाच्या जागी उभे राहून पाहा. तो तळ्यात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून परदेशी शेवाळ हातांनी उपटतो, टोपलीत भरतो, काठावर टाकतो. तळ्याचे आरोग्य ज्या निर्णयावर अवलंबून आहे तो मात्र दुसऱ्याच बेटावर मुख्यालय असलेला आयोग घेतो. शेवाळ काढणारे हात आणि पाण्यावर बोलणारे तोंड एकाच माणसाचे असेल अशी व्यवस्था केली नाही, तर शेवाळ काढणे हा निव्वळ विरंगुळा होतो.

अशी व्यवस्था सुचलीच नव्हती असे नाही. 1978 च्या कायद्यातच ‘ना होआपिली ओ कालोको-होनोकोहाउ’ नावाचा सल्लागार आयोग होता आणि त्यात मूळ हवाईयन सदस्य असणे बंधनकारक होते. परंतु आयोगाला मुदत होती. ती संपली, 1996 च्या कायद्याने तो पुन्हा उभा केला, आणि तोही दहा वर्षांसाठी. उद्यान कायमचे, तळे त्याहून जुने, समुद्र तर अनादी, आणि यांच्याबद्दल गावाने सल्ला द्यायचा तो मात्र दहा वर्षांच्या भाडेकरारावर, ही रचना मला विचित्र वाटते. त्यातही तो सल्लाच; ऐकलाच पाहिजे असे कुठे लिहिलेले नव्हते.

याउलट जिथे काम करणाऱ्या गटाच्या हातात प्रत्यक्ष कारभार आला तिथे संयोजन कसे बदलते ते पाहण्यासारखे आहे. हेएइयाचे तळे एका खासगी हवाईयन न्यासाच्या मालकीचे आहे. 2001 मध्ये काही तरुण हवाईयन मंडळींनी पाएपाए ओ हेएइया ही संस्था स्थापन केली आणि तळ्याची जबाबदारी घेतली. त्या तळ्याची भिंत सुमारे 7000 फूट, म्हणजे सव्वा मैलाहून जास्त लांब. 1965 च्या पुरात तिला भगदाड पडले होते आणि ते अर्धशतकभर तसेच राहिले. डिसेंबर 2015 मध्ये सुमारे दोन हजार माणसांनी रांग करून हातोहात दगड देत ते बुजवले. छायाचित्रे अर्थात त्या दिवसाचीच निघाली. पण तो दिवस शक्य झाला तो आधीच्या चौदा वर्षांच्या साध्यासुध्या शनिवारांमुळे, ज्यांत शाळेतली मुले येत, खारफुटी तोडत, चिखलाने माखत आणि पुढच्या वर्षी धाकट्या भावंडांना घेऊन येत. आणि त्या शनिवारांना कोणीतरी पगारी माणूस होता, ज्याला कोणत्या मुलाला कोणत्या कामाला लावायचे, कोणत्या आंटींच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही, कोणता अंकल दगड निवडण्यात वाकबगार आहे, हे नावानिशी ठाऊक होते.

दुसरे उदाहरण काउआई बेटाच्या उत्तर टोकावरच्या हाएना राज्य उद्यानाचे. उद्यानासाठी ज्या कुटुंबांच्या जमिनी गेल्या त्यांतल्या लोकांनी हुइ माकाआइनाना ओ माकाना ही संस्था काढली आणि 1999 पासून राज्याशी करार करून रान माजलेले तारोचे वाफे, ज्यांना लोइ म्हणतात, ते साफ करून पुन्हा लावायला सुरुवात केली. म्हणजे जमीन गमावलेल्यांनी त्याच जमिनीवर बिनपगारी श्रम करायला परवानगी मागितली, आणि हे वाक्य लिहितानाही अस्वस्थ वाटते. पण त्यांनी तिथे थांबायचे नाकारले. उद्यानाच्या आराखड्यावर ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. एप्रिल 2018 मध्ये त्या भागात अभूतपूर्व पाऊस झाला. जवळच्या वाइपा येथे चोवीस तासांत 49.69 इंच, जो अमेरिकेतला विक्रम ठरला. रस्ता वाहून गेला आणि उद्यान चौदा महिने बंद राहिले. जून 2019 मध्ये ते उघडले तेव्हा पूर्वी दिवसाला येणाऱ्या दोन-तीन हजारांऐवजी 900 पाहुण्यांचीच मर्यादा घालण्यात आली, आणि पुढे वाहनतळ आणि बससेवा चालवण्याचे काम या स्थानिक संस्थेच्या भागीदारीकडे आले. पूर्वजांच्या वाफ्यांत तारो लावण्याच्या स्वप्नाचा शेवट वाहनतळाच्या पावत्या फाडण्यात व्हावा, याची थट्टा करता येईल. मी करणार नाही. त्या पावत्यांतून पगार निघतात, गावातल्या मुलांना गावात काम मिळते आणि दिवसाला किती पावले त्या भूमीवर पडावीत यावर त्या भूमीच्या लोकांचे नियंत्रण राहते. स्वयंसेवेचे रूपांतर कारभारात होणे म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

या भूमिकेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की स्थानिक लोक येतच नाहीत. पर्यटक मात्र हौसेने येतात, मग त्यांच्या हातांचा उपयोग का करू नये. कोविडच्या काळात राज्याच्या पर्यटन यंत्रणेने ‘मालामा हवाई’ नावाची मोहीम सुरू केली, ज्यात किनारा साफ करणाऱ्या किंवा झाडे लावणाऱ्या पाहुण्याला सहभागी हॉटेलांत सवलत किंवा एखादी रात्र मोफत मिळते. यातून काही चांगली कामे झाली असतील, आणि नुसते उन्हात पडून राहण्यापेक्षा तीन तास चिखलात उभे राहिलेला पाहुणा बरा, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. पण तीच सफाई वीस वर्षे करणाऱ्या स्थानिक बाईला घरभाड्यात कुणी सवलत देत नाही. 2020 च्या जनगणनेनुसार मूळ हवाईयन लोकांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे 53 टक्के, आता हवाईबाहेर, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात, आणि त्याचे मोठे कारण बेटांवर घर परवडत नाही हे आहे. जे उरले आहेत त्यांतले कितीतरी दोन नोकऱ्या करतात, आणि त्यांतली एक बहुधा त्याच हॉटेलात असते जिथे पाहुण्याला मोफत रात्र मिळते. ‘येत नाहीत’ असे म्हणण्याआधी संयोजकाने शनिवारी मुलांना सांभाळायची सोय केली का, पेट्रोलचे पैसे दिले का, जेवण ठेवले का, आणि मुख्य म्हणजे मागच्या वेळी आलेल्यांनी जे सुचवले त्याचे काय झाले हे त्यांना कळवले का, हे विचारायला हवे. शेवटचा प्रश्न सर्वांत स्वस्त आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. पर्यटकाला मज्जाव नको. पण त्याला काम गावाने नेमून द्यावे, त्याच्याबरोबर जाणता माणूस असावा, आणि त्या जाणत्या माणसाचा तो वेळ पगारी धरावा. माझ्या बादलीतले दगड परत ठेवणाऱ्या गृहस्थांना त्या श्रमाचा काय मोबदला मिळाला असेल ते मी विचारू शकलो नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा आहे. राष्ट्रीय उद्यान सगळ्या नागरिकांचे असते. वंशावरून कुणाला झुकते माप देता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये ‘राइस विरुद्ध कायेटानो’ या खटल्यात, मूळ हवाईयन लोकांच्या हितासाठी असलेल्या हवाईयन व्यवहार कार्यालय या राज्य संस्थेच्या निवडणुकीत फक्त हवाईयन वंशाच्या लोकांनाच मत देता येईल हा नियम घटनाबाह्य ठरवला, तेव्हापासून प्रत्येक सरकारी अधिकारी या विषयात जपून पावले टाकतो. त्या भीतीला आधार आहे. परंतु मी जे मागतो आहे ते वंशावर उभे करायची गरजच नाही. पाटाच्या पाण्याचा जुना नियम पाहा: वाटा जन्मावर नव्हता, श्रमावर आणि राखणीवर होता. सलग पाच वर्षे तळ्यावर काम केलेल्या, त्या परिसरात राहणाऱ्या किंवा तिथल्या जाणत्यांकडे शिकलेल्या कोणालाही वर्षाच्या कामाचा आराखडा ठरवणाऱ्या बैठकीत मत असावे, असा नियम कोणत्याही न्यायालयात टिकण्यासारखा आहे, आणि व्यवहारात तो बहुतांशी त्याच घरांतल्या लोकांना खुर्ची देईल ज्यांच्या आजोबांनी ती भिंत रचली. एखाद्या जपानी किंवा फिलिपिनो वंशाच्या शेजाऱ्याने तेवढीच वर्षे तिथे घालवली असतील तर त्यालाही ती मिळेल. तो त्या बेटांच्या इतिहासाचा भागच आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळे परके वाटू नये. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यांतल्या अनेक किल्ल्यांवर सुट्टीच्या दिवशी टाकी उपसणारी, तटात उगवलेली झाडे काढणारी तरुण मंडळी वर्षानुवर्षे जात आली आहेत, आणि पायथ्याच्या वाडीतल्या लोकांना कोणत्या टाक्यात पाणी टिकते आणि कोणती वाट पावसात जाते हे त्यांच्याहून जास्त ठाऊक असते. या दोघांनाही व्यवस्थापनाच्या बैठकीत खुर्ची आहे का, हा प्रश्न आपल्यालाही लवकरच विचारावा लागेल. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

कालोकोकडे परत येतो, कारण तिथे खर्चाचा मुद्दा उरतो. संयोजक हे पद बहुतेक उद्यानांत कुणाच्यातरी मूळ कामाला जोडलेले शेपूट असते, आणि कपात आली की शेपूट आधी तुटते. फेब्रुवारी 2025 मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेतल्या सुमारे एक हजार परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कमी करण्यात आले. पुढे न्यायालयांच्या आदेशांनी काही जण परतले, पण मिळालेला संदेश सगळीकडे पोचला. अशा वेळी ‘आता स्वयंसेवक वाढवू’ हे वाक्य हमखास ऐकू येते. स्वयंसेवकांनी पगारी माणसाची जागा घेऊ नये हे त्या सेवेचे स्वतःचेच धोरण आहे, आणि ते पाळायचे कारण केवळ नोकऱ्या वाचवणे नाही. संयोजक गेला की नावे जातात: कोण कोणत्या दगडाला हात लावू शकतो याची सगळी माहिती एका माणसाच्या डोक्यात असते आणि ती कोणत्याही तक्त्यात उतरत नाही. म्हणून स्वयंसेवकांच्या तासांची जी रक्कम अहवालात छापली जाते तिचा ठराविक हिस्सा, दहा टक्के म्हणा, त्याच तळ्याच्या संयोजकाच्या आणि किआइ लोकोच्या पगारासाठी बाजूला काढणे उद्यानांवर बंधनकारक करावे. तास खरोखर तेवढे मोलाचे असतील तर ही रक्कम काढताना हात आखडण्याचे कारण नाही. ते मोल फक्त अहवालापुरते असेल, तर कोनाच्या किनाऱ्यावर हिवाळी उधाण आल्यावर भिंतीतून निसटलेले दगड कुणी, कोणत्या क्रमाने आणि कुणाला विचारून बसवायचे, हे त्या अहवालाच्या लेखकांनी आधी ठरवून ठेवावे.